खंडेनवमीची भट्टी

"बाई, हार काढू काय?" इस्माईलचाचांनी विचारलं.

भट्टीच्या दाराला झेंडूचा हार होता. दारावर हळदीकुंकवाची बोटं उठवलेली, खाली पाटावर नारळ आणि विड्याची पानं. मालकीणबाई पूजा उरकून दहाच मिनिटांपूर्वी घरी गेल्या होत्या, उदबत्तीचा धूर अजून तिथंच घोटाळत होता. आणि माझ्या पायाशी, धुतलेल्या गोणपाटावर, दांडपट्ट्याची बारा पाती ओळीनं मांडलेली होती. नुकतीच क्रोमच्या टाकीतून निघालेली. त्यांच्यात मला माझं तोंड दिसत होतं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

"नको," मी म्हणाले.

"चार तासांत आत गेली पाहिजेत. तुम्हीच शिकवलंय मला."

"माहितेय."

"मग काढतो की. एक हार तर हाय. परत घालू."

"चाचा, नको म्हटलं ना."

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीची. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आण्णा चौगुल्यांचा लोखंडाला निकल-क्रोमचं पाणी द्यायचा कारखाना होता, आणि तिथं मी केमिस्ट होते. टाक्यांतलं द्रावण तपासायचं, कुठला माल किती वेळ कशात बुडवायचा ते ठरवायचं, आणि डाग पडले की बोलणी खायची, एवढं माझं काम. रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईनं असल्या जागी नोकरी करू नये, असं सगळ्यांचं मत होतं. पुढं पुढं माझंही झालं. वीस वर्षं ॲसिडच्या वाफेत उभं राहिलं की मताला जोर राहत नाही. त्या वर्षी मी चव्वेचाळीसची होते आणि मला फक्त झोप हवी असायची.

आमच्याकडे यायचा तो बहुतेक मऊ लोखंडाचा माल. सायकलची हँडलं, बंपर, एसटीतले दांडे. त्याला काही होत नाही. कडक पोलादाचं तसं नसतं. ॲसिडमध्ये आणि टाकीत ते हायड्रोजन पिऊन बसतं. वरून आरसा दिसतो आणि आतून ठिसूळ होतं. तो वायू बाहेर काढायचा तर माल चार तासांच्या आत भट्टीत घालून दोनशे डिग्रीवर आठ तास ठेवायचा. नाही ठेवला तर तो मोडतो. आज, उद्या, आठ दिवसांनी, केव्हा ते सांगता येत नाही. हे मला तोंडपाठ होतं, आणि चाचांना ते मीच शिकवलं होतं.

पाती होती रावजी वस्ताद बोंद्र्यांची. कोल्हापूरपासून तासाभरावरच्या गावात त्यांची मर्दानी खेळाची तालीम. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पाठ ताठ, मिशा पांढऱ्या. दसऱ्याच्या आठवडाभर आधी ते मुठी काढलेली पाती धोतरात गुंडाळून घेऊन आले होते.

"काळी पडल्यात," म्हणाले. "शेजारच्या तालमीनं नवी चकाकणारी आणल्यात. सगळ्या टाळ्या त्यांनाच. आमचं काय न्हाई, पन ह्या दसऱ्याला मी कालिंदीच्या डोक्याला वस्तादकीचा पटका बांधनार. लेक हाय माझी. शाळेत मास्तरीन हाय. तिच्या हातात काळं पातं नको."

"मुलीला पटका?" आण्णांनी विचारलं.

"गाव बी असंच इचारतंय. म्हनून तर लिंबू कापायचंय. मी निजनार, माझ्या गळ्यावर लिंबू ठेवनार आनि पोरगी पट्ट्यानं कापनार. मग कोन काय बोलतंय बघू की."

एक अट त्यांनी घातली. पात्यांना पॉलिशचं चाक लावायचं नाही. शस्त्राचं अंग झिजवायचं नाही, आज्याच्या आज्यापासूनची पाती आहेत. चाक नाही म्हटल्यावर तो जुना गंज आणि वर्षानुवर्षं चोपडलेलं तेल काढायला राहिलं ॲसिड. जिथं पाच मिनिटं पुरतात तिथं मी ती पाती अर्धा अर्धा तास बुडवली. म्हणजे जितका जास्त मान दिला तितका जास्त हायड्रोजन पाजला. त्यात चार दिवस लाइट जात-येत होती, काम लांबलं, आणि पाती टाकीबाहेर आली ती थेट खंडेनवमीला, सकाळी दहा वाजता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं आणि यंत्रं पुजायची. एकदा पूजा झाली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आण्णा या बाबतीत फार कडक. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी कुणीतरी पुजलेली मोटर चालू केली आणि एकाचा हात भाजला, तेव्हापासून तर विचारूच नका. तरी मी आण्णांना विचारलं असतं तर? ओरडले असते, मालकीणबाईंनी तोंड फिरवलं असतं, आणि शेवटी, माणसाच्या गळ्याचा प्रश्न आहे म्हटल्यावर, 'घाला' म्हणाले असते. मला आजही खात्री आहे. मी विचारलंच नाही. मी पाचला उठले होते, घरी आईला लकवा होऊन दीड वर्ष झालं होतं, सांभाळायला येणारी बाई बाराला निघून जायची. शिवाय भट्टी पेटवली म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत मला तिच्यापाशी बसायला लागणार होतं.

आणि चाचांना हार काढू देणं तर शक्यच नव्हतं. इस्माईल मुल्लाणींनी पुजलेल्या भट्टीचा हार काढला, ही बातमी उद्यमनगरात दुपारपर्यंत कुठल्या कुठं गेली असती. त्यांना जपण्यासाठी मी नको म्हटलं, असं मी तेव्हा मनाला समजावलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यांना जपायचं तर हार मी स्वतःही काढू शकले असते.

"जुनं पोलाद आहे," मी म्हणाले. "तेवढं कडक नसेल. काही होत नाही."

चाचांनी पाती गोणपाटात गुंडाळली. दुपारी वस्तादांचा पुतण्या संभा येऊन पाती घेऊन गेला, आणि मी घरी जाऊन आईला भरवलं आणि झोपले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी नऊला दार वाजलं. दारात चाचा, सायकल भिंतीला टेकवलेली, डोक्याला रुमाल. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात दिली. पुडीत चकाकणाऱ्या पट्टीचे दोन तुकडे होते.

कडक माल असला की चाचा त्याच्याबरोबर स्प्रिंगच्या पत्र्याची एक पट्टी टाकीत सोडत. मग ती वाकवून व्हाइसच्या जबड्यात आवळून ठेवत. माल बरा आहे की नाही ते ती पट्टी सांगायची. काल मी घरी निघून आल्यावरही त्यांनी ती आवळून ठेवली होती.

"झाडायला म्हणून कारखाना उघडला," ते म्हणाले. "खाली पडली हुती."

मी ते तुकडे उजेडात धरले. मोडलेली कड करडी आणि रवाळ होती. पोलाद असं मोडत नाही.

"आण्णांना सांगू या," चाचा म्हणाले.

"आण्णांना सांगून काय उपयोग? गावाला गेलं पाहिजे."

"मी येऊ?"

"तुम्ही आईजवळ बसा. ती बाई आज यायची नाही."

इस्माईलचाचा माझ्या आईजवळ बसले, आणि मी अकराच्या एसटीनं निघाले.

बोंद्र्यांच्या अंगणात शेणसडा घातला होता, दाराला तोरण होतं. सोप्यावर पट्टे मुठी बसवून भिंतीला लावलेले. एक तरुण बाई उकिडवी बसून त्यातल्या एकाला दगडावर धार लावत होती. सावळी, उंच, नऊवारी कासोट्याची, हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. हीच कालिंदी.

"या बाई, या!" वस्ताद आतून आले. "बघा तरी कशी दिसत्यात! गाव बघून गेलं सकाळपास्नं. कालिंदे, च्या टाक."

चहा येईपर्यंत मी थांबले नाही. ही पाती आज वापरू नका, असं मी सरळ सांगितलं. ती मोडतील. कदाचित नाही मोडणार, पण मोडू शकतात, आणि मोडली तर तुकडा कुठं जाईल सांगता येणार नाही.

वस्ताद आधी हसले. मग त्यांनी भिंतीचा एक पट्टा उचलला, मुठीत हात घातला, पात्याचं टोक उंबऱ्याला लावलं आणि सपकन वाकवलं. पातं कमानीसारखं वळलं आणि सुटल्यावर झणझणत सरळ झालं.

"मोडलं?"

"असं पटकन वाकवून कळत नाही. वाकवून तसंच बांधून ठेवायला लागतं. मग मोडतं."

"बरं, बांधून ठेवू." त्यांनी एक पातं मुठीतून काढलं, टोक मुळाला आणून सुतळीनं आवळलं आणि ते कडं खुंटीला अडकवलं. आता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "पन असं झालं कशानं? तुमी तर शिकलेल्या."

इथं मी ते केलं. पंचवीस वर्षं झाली, तरी ते वाक्य जसंच्या तसं आठवतं.

"भट्टीची कॉइल जळाली," मी म्हणाले. "पाती भाजायची राहिली. नाइलाज झाला."

किती सोपं होतं ते. मी दमले होते, मला घरी जाऊन पडायचं होतं, हे त्या ताठ म्हाताऱ्यापुढं मला म्हणवेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी झाकली.

कालिंदी चहा घेऊन आली होती, तिनं सगळं ऐकलं होतं. "आबा, मग शेजारच्या तालमीतलं एक पातं मागू या."

"दसऱ्यादिवशी? त्यांच्या दारात?" वस्तादांनी डोकं हलवलं. "त्यापेक्षा मी लिंबू खाऊन टाकतो."

"आणि आज लिंबू नाही कापलं तर?" मी विचारलं.

उत्तर कालिंदीनं दिलं. "मग पटका संभादादाला. पंचांसमोर ठरलंय तसं. बाई घाबरली तर पुतण्याला द्यायचा." ती हे वर्गात हजेरी घेतल्यासारखं म्हणाली. "बारा वर्षांची असल्यापासून खेळतेय मी, मॅडम. दादा तालमीत माझ्यानंतर चार वर्षांनी आला."

वस्तादांनी कोपरी चढवली आणि ते बाहेर गेले. मला वाटलं पंचांना भेटायला गेले. अर्ध्या तासानं परत आले ते उंबऱ्यातच थांबले.

"एसटीडीवरनं आण्णास्नी फोन केलता," म्हणाले. "दसऱ्याचा नमस्कार केला. म्हटलं भट्टी दुरुस्त झाली का? म्हनले, भट्टीला काय धाड भरली? काल तर पूजा केली तिची, चांगली धडधाकट हाय."

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. कालिंदी माझ्याकडे बघत होती.

मग मी खरं सांगितलं. हार, नारळ, आई, झोप, सगळं. चाचांची पट्टीही पुडीतून काढून दाखवली. सांगताना मलाच ते रचल्यासारखं वाटायला लागलं. पहिल्यांदा सांगितलं असतं तर ते खरं होतं. आता ती सारवासारव झाली होती.

वस्ताद ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी कुनाच्या सांगन्यावरनं आलाय ते मी इचारत न्हाई. गावात लई जनांच्या पोटात दुखतंय. शेजारची तालीम हाय, भावकी हाय. तुमी जेवून जावा. सनाचा दिवस हाय."

"वस्ताद, शपथ घेते—"

"शपथ नका घेऊ. पुरनपोळी घ्या."

मला कुणीतरी फितवलंय, अशी त्यांची खात्री झाली होती. एकदा खोटं पकडल्यावर माणसानं आणखी काय समजायचं?

दुपारभर मी सोप्यावर खुंटीकडे बघत बसले. ते पोलादाचं कडं मोडावं म्हणून मी जन्मात पहिल्यांदा स्वतःचं काम बिघडावं अशी प्रार्थना केली. एक वाजला, दोन वाजले, चार वाजले. कडं लटकत राहिलं, आणि त्यावर अंगणातल्या माणसांची वाकडी रूपं हलत राहिली.

चारच्या पुढं कालिंदी कपाळाला मळवट भरून बाहेर आली. माझ्याजवळ क्षणभर थांबली.

"दुसऱ्यांदा सांगितलंत ते खरं होतं?"

"हो."

"मग पहिल्यांदाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

तिनं मान हलवली. तिला ते पटलं असं मला वाटलं. बापाला न पटलेली गोष्ट लेकीला पटली होती, आणि त्यानं तिचं काहीच भलं होणार नव्हतं.

खेळ शाळेच्या पटांगणात होता. हलगी सुरू झाली. कालिंदीनं दोन्ही हातांत पट्टे घेतले आणि ती जी सुटली, ते मला कधी सांगता यायचं नाही. उन्हाची तिरीप त्या पात्यांवर पडत होती, तिच्याभोवती नुसतं पांढरं चक्र दिसत होतं. बायका पुढं सरकल्या, म्हातारे उठून उभे राहिले. मी मात्र कानात जीव आणून तडकल्याचा आवाज येतोय का ते ऐकत होते.

मग वस्ताद मैदानात आले. घोंगडीवर उताणे निजले, मान मागं टाकली. पंचांपैकी एकानं त्यांच्या गळ्यावर लिंबू ठेवलं. हलगी थांबली. कालिंदी एक पट्टा उतरवून दुसरा घेऊन त्यांच्या उशाशी गेली, हात वर केला. तिचा हात बघितला मी. तो जराही थरथरत नव्हता.

तिनं हात खाली घेतला. मुठीतून हात काढला, पट्टा घोंगडीच्या कडेला ठेवला, त्याच्या पाया पडली आणि म्हणाली, "मी नाही कापणार."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "बाईच ती शेवटी." वस्तादांनी निजल्या निजल्या डोळे उघडून लेकीकडे बघितलं. ती नजर मी विसरायचा प्रयत्न केला आहे. मग ते तसेच पडून म्हणाले, "संभा, ये."

संभा आला. तो वाईट माणूस नव्हता. गोंधळलेला होता, काकांनी सांगितलं म्हणून आला. त्यानं तोच पट्टा उचलला, दोन वेळा हवेत फिरवला आणि लिंबावर मारला.

लिंबाचे दोन भाग घोंगडीवर दोन बाजूंना पडले. वस्तादांच्या गळ्यावर रसाचा ओघळ आला, बाकी काही नाही. पटांगण टाळ्यांनी दणाणून गेलं. पातं मोडलं नव्हतं. मी शाळेच्या पायरीवर बसले. सुटल्यासारखं वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही वाटलं.

पटका संभाच्या डोक्याला बांधला गेला. निघताना वस्तादांनी मला आपट्याचं पान दिलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," एवढंच म्हणाले. कालिंदी कुठं दिसली नाही.

आठ दिवसांनी, दुपारच्या सुट्टीत ती कारखान्यात आली. बरोबर धोतरात गुंडाळलेली पाती होती. तिनं ती माझ्या टेबलावर ठेवली आणि वर सुतळीसकट एका पात्याचे दोन तुकडे ठेवले. खुंटीवरचं ते पातं.

"चौथ्या दिवशी दुपारी," ती म्हणाली. "घरात मी एकटीच होते. बंदुकीसारखा आवाज झाला."

"वस्ताद काय म्हणाले?"

"त्यांना दाखवलं नाही. दाखवणारही नाही."

"अगं, पण... पटका तुझा आहे."

"दाखवलं तर उद्या संभादादाच्या डोक्यावरचा काढून माझ्या डोक्यावर ठेवतील. तेवढे सरळ आहेत ते. पण पुन्हा कधी पात्याखाली निजणार नाहीत. वस्तादाच्या मनात एकदा भीती शिरली की तो वस्ताद संपला, मॅडम. आणि दादानं तरी काय केलं? त्याला काकाच्या गळ्यावर काय चालवलं ते कळलं तर तो जेवायचा नाही." तिनं बसायला स्टूल ओढलं. "पाण्याला डाग पडलेत, परत देऊन येते, असं सांगून आणलीत. तुम्ही दुसरी करून द्या. अगदी अशीच. चमकवल्यावर जुनं-नवं कुणाला ओळखू येत नाही."

"ही भट्टीत घालून बघायची?" चाचांनी विचारलं.

"आत चीर गेली असेल तर ती भरून येत नाही," मी म्हणाले. "आणि बाहेरून दिसतही नाही."

"मग मोडाच," कालिंदी म्हणाली.

चाचांनी पाती एकेक करून व्हाइसला लावली आणि सावकाश वाकवली. पहिलं मोडलं. दुसरं मोडलं. तिसरं बराच वेळ टिकलं आणि मग मोडलं. दहांतली सात मोडली, तीन नाही मोडली. ती कापून टाकायची ठरली. दर आवाजाला कालिंदीचे खांदे हलत होते, पण ती तिथून उठली नाही.

शेवटी एक राहिलं. त्याच्या मुळाशी लाल दोरा बांधला होता.

"हे लिंबाचं," ती म्हणाली. चाचांनी ते उचललं तसा तिनं त्यांचा हात धरला. "हे नका वाकवू. नुसतं कापून भंगारात टाका."

"का?" मी विचारलं.

"मोडलं तर मला आबांच्या तोंडाकडं बघवणार नाही. नाही मोडलं तर माझ्या स्वतःच्या."

मी तिला शब्द दिला. उद्यमनगरातल्या एका लोहाराकडून मी बारा नवी पाती करून घेतली, पाणी दिलं, आणि या खेपेला आण्णांना न विचारता भट्टी पेटवून रात्रीपर्यंत तिच्यापाशी बसले. ती पाती अजून संभाच्या तालमीत आहेत. वस्ताद त्यांच्याखाली आणखी सहा दसरे निजले. कालिंदीनं पुन्हा पट्टा हातात धरला नाही. शाळेत पोरींना लेझीम शिकवायची.

बाकीची पाती मोडली त्याच दिवशी, कालिंदी घरी गेल्यावर, मी ते लाल दोऱ्याचं पातं व्हाइसला लावलं. चाचा म्हणाले, "बाई, शब्द दिलाय." मी ऐकलं नाही. मला माहीत करून घ्यायचंच होतं.

ते मोडलं नाही. टोक मुळाला लागेपर्यंत वाकवलं, तारेनं बांधलं, कपाटामागं ठेवलं. आठवडा गेला, महिना गेला, दोन महिने गेले. मोडलं नाही. शेवटी सोडलं तर झणझणत सरळ झालं, त्या दिवशी वस्तादांच्या उंबऱ्यात झालं होतं तसंच. ते पातं धड होतं. कालिंदीनं त्या संध्याकाळी लिंबू कापलं असतं तर लिंबूच कापलं गेलं असतं. तिला पटका मिळाला असता. मी आईजवळ झोपून राहिले असते तरी चाललं असतं, किंवा हार काढला असता तर चाललं असतं. मी जे केलं तेच फक्त चाललं नाही.

मागच्या वर्षी वस्ताद गेले. नव्वदी ओलांडली होती, झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी भेटायला गेले. आता मलाही एसटीतून उतरायला कुणाचा तरी हात लागतो. कालिंदी हेडमास्तरीण होऊन निवृत्त झालेली, केस पिकलेले. तिनं चहा केला, आम्ही सोप्यावर बसलो. आबांच्या आजारपणाचं, औषधांचं, कोण कोण येऊन गेलं त्याचं बोलणं झालं. मग ती माझ्याकडे वळली.

"मॅडम," ती म्हणाली, "आता आबा नाहीत, म्हणून विचारते. तुम्ही ते वाकवून बघितलं असणार. मला माहितेय तुम्हाला. मोडलं का हो ते?"

मी कप खाली ठेवला.

"हो," मी म्हणाले. "मोडलं."

"लगेच?"

"व्हाइस नीट आवळलाही नव्हता चाचांनी. दोन तुकडे."

तिनं डोळे मिटून घेतले. आणि एकदम पदरात तोंड घालून ती रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"पंचवीस वर्षं वाटत होतं मला," ती शेवटी म्हणाली, "की मी नुसतीच भ्याले."

"नाही गं."

"नाही ना?" तिनं डोळे पुसले. "आता जरा झोप लागेल बघा मला."